झुनी सिंहाला ज्वारीचं पीठ

दुसऱ्यांदा नागपूर सोडलं तेव्हा बाबा स्टेशनवर आले नाहीत. पहिल्या वेळी गाडी हलेपर्यंत ते खिडकीचा गज धरून उभे होते. या वेळी घरीच रंधा मारत बसले. आई म्हणाली, "काम हाय त्यायले." काम नव्हतं. तिथे मागे राहिलेल्या तुमच्यापैकी कुणी मला कारण विचारलं नाही आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना मी ते सांगितलं नाही, म्हणून आज लिहितो.

सत्तरच्या दशकात मी न्यू मेक्सिकोत, गॅलप गावी, एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. शेजारच्या टेबलावर लोरेन बसायची. ती झुनी, म्हणजे त्या मुलखातल्या मूळ लोकांपैकी. पाच वर्षांनी मी सुट्टीवर घरी निघालो, तेव्हा तिनं मामानं कोरलेला, मुठीत मावेल एवढा पिवळसर दगडी सिंह माझ्या हातात ठेवला. त्यांच्या डोंगरात असतो तसा, बिनआयाळीचा. पाठीवर गारगोटीचं बाणाचं टोक बांधलेलं. तिनं सांगितलं, फार पूर्वी सूर्याच्या जुळ्या मुलांनी हिंस्र जनावरांना दगड करून टाकलं, पण त्यांचं काळीज आत जिवंत राहिलं. वर-खाली धरून सहा दिशा सहा प्राणी राखतात, हा उत्तरेचा. "वाटेत तुला सांभाळील. पण तूही त्याला खाऊ घाल. चिमूटभर मक्याचं पीठ पुरे."

मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हसलो.

घरी हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. बाबा हसले नाहीत. ते सुतार, तान्ह्या पोळ्याला आमच्याकडची पोरं लाकडी बैल मिरवतात, ते बैल घडवायचे. त्यांनी सिंहाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "हात चांगला हाय गा त्याचा," म्हणाले. मग आईला, "ज्वारीचं पीठ आण वं. मका नाही तं नाही, चालन त्याले." त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी ते त्याच्यापुढे चिमूटभर पीठ ठेवायचे.

एका दुपारी माझा कॉलेजचा मित्र जेवायला आला. आता मोठा अधिकारी, सिव्हिल लाइन्समध्ये बंगला. कोनाड्यातला सिंह आणि पुढचं पीठ पाहून त्यानं भुवई उंचावली. "अमेरिकेत राहून हे?" माझे कान तापले. मी म्हणालो, "छे रे, हे वडिलांचं खूळ. शोपीस आहे. आवडला? घेऊन जा." बाबा दारातच उभे होते.

मित्र सिंह घेऊन गेल्यावर ते एवढंच बोलले, "काहून देल्लं गा? त्या बाईनं तुह्या सोबतीले धाडलं होतं न त्याले."

इकडे परत आल्यावर लोरेननं विचारलं, कसा आहे तो? मी खोटं बोललो. घरीच आहे म्हणालो, वडील रोज खाऊ घालतात. तिचा चेहरा खुलला. तिचा तो आनंद आठवला की मला आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी धाकट्या भावाचं पत्र आलं. बाबा पिठाची पुडी घेऊन त्या बंगल्यावर चालत गेले होते. चपराशानं फाटकातच अडवलं. बाबा त्याला म्हणाले, "मी मांगाले नाही आलो. त्याले उपाशी ठेवू नोका, येवढंच सांगाले आलो." चपराशी हसला. बाबा पुडी खिशात घालून तसेच परतले.

ते पत्र मी लोरेनला शब्दन् शब्द इंग्रजीत करून वाचून दाखवलं. त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची. मग एका रविवारी ती मला गाडीतून आपल्या गावी, मामाकडे घेऊन गेली. मामा म्हातारे, बोटं दगडाच्या भुकटीनं पांढरी. माफीची वाक्यं मी वाटेत जुळवून ठेवली होती. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "पीठ घेऊन चालत गेला, त्या माणसाचं नाव काय?"

"सीताराम."

इतक्या वर्षांत या देशात मी ते नाव उच्चारलंच नव्हतं. वडील काय करतात असं कुणी विचारलं की "बिझनेस" म्हणायचो. मामांनी ते नाव सावकाश दोनदा म्हणून पाहिलं. मग त्यांनी माझ्यापुढे जेवणाचं वाडगं सरकवलं. मी खाली पाहतच जेवलो.

तुम्ही पत्रांतून अजून विचारता, आता घर कुठलं समजायचं, तिकडचं की इकडचं? जिथे बाबांचं नाव मला मान वर करून सांगता येईल, ते. नागपुरात तशी जागा होती. ती मी माझ्याच तोंडानं घालवली.