खिडकीच्या अलीकडची रेघ

माझा मुलगा फरश्या बसवतो. दोरी ताणतो, लेव्हल ठेवतो आणि खोलीच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करतो. एका गिऱ्हाईकाने डावीकडून सुरू करा म्हटलं, तर हा काम सोडून घरी आला. हाताखालची माणसं त्याच्या माघारी त्याला ‘रूळ’ म्हणतात. मला कळलं तेव्हा राग नाही आला. जन्म मीच दिलाय.

नात लहान असताना शाळेतून लॅक्रॉस नावाचा खेळ शिकून आली. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत चेंडू झेलायचा आणि पळत जाऊन समोरच्यांच्या गोलात मारायचा. आवडला का, असं बापाने विचारलं. ती हो म्हणाली, झालं. फुटबॉल माळ्यावर गेला, सायकल शेजारी गेली, पोहणं बंद झालं. एक धरलं की तेच करायचं, असं त्याचं म्हणणं.

सरावाला घराची मागची भिंत. पोर भिंतीवर चेंडू मारी, परत आलेला झेली, आणि हा पायरीवर चहा पीत बघत बसे. भिंतीच्या डाव्या अंगाला स्वयंपाकघराची खिडकी. पहिल्याच आठवड्यात काच फुटली. मुलगा ओरडला नाही. नवी काच बसवली, ओळंबा सोडून खिडकीच्या अलीकडे ऑइलपेंटने उभी रेघ मारली, आणि चेंडू रेघेच्या डावीकडे जाता कामा नये म्हणून सांगितलं. पोर गुणाची. वर्षानुवर्षं एकदाही गेला नाही.

यंदा तिला गावाच्या संघात जायचं होतं. त्याच्यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं; झोपतानासुद्धा काठी उशाशी. निवडीच्या आधी तिच्या प्रशिक्षक बाई घरी आल्या. त्या दिवसा औषधाच्या दुकानात काउंटरवर असतात. म्हणाल्या, पोरीचा नेम चांगला आहे, पण ती फक्त उजवीकडेच वळते. बाकीच्या मुलींना हे कळलंय. उजवीकडे एक जण उभी राहिली की हिचा खेळ खलास. अशाने निवड व्हायची नाही. थोडे दिवस काठी बाजूला ठेवा, बास्केटबॉल खेळू दे. त्यात दोन्ही हात चालतात, थांबून वळावं लागतं. जमलं तर पोहू दे.

मुलगा म्हणाला, “बाई, तापाला तुम्ही खोकल्याचं औषध देता का?”

“दोन्ही असलं तर दोन्ही देते,” बाई म्हणाल्या.

मग त्या मागच्या दारी गेल्या. रेघ कसली, म्हणून विचारलं. मुलाने कौतुकाने सगळं सांगितलं, ओळंब्यासकट. बाईंनी चहा संपवला.

“दादा, ही पोर मैदानावरसुद्धा या रेघेच्या आतच खेळतेय हो.”

बाई गेल्यावर तो पोरीला अंगणात घेऊन गेला आणि तिच्या डाव्या हाताला चेंडू टाकू लागला. ती ट्रक वळावा तशी अख्खी फिरायची, तोवर चेंडू कुंडीत. तो कितीतरी वेळ टाकत राहिला. जेवायला बसल्यावर भाजीकडे बघत म्हणाला, “उद्यापासून बास्केटबॉलला जा.”

सुरुवातीला पोर तिथे स्वतःच्याच पायात अडखळून पडे. हा तिथेही थर्मास घेऊन बसायचा. चेहऱ्यावर सुतक.

निवडीच्या दिवशी समोरची धिप्पाड मुलगी ठरल्यासारखी उजवीकडे येऊन उभी राहिली. आमची पळता पळता थबकली, एका पायावर गर्रकन फिरली, काठी डाव्या हातात घेतली आणि डावीकडून निघून गेली. गोल झाला. सूनबाईने माझा दंड इतका दाबला की वळ उठले. मुलगा म्हणाला, “पाय बरे पडतात आता.” त्याच्या तोंडून हे पुष्कळ झालं.

पोरीचं नाव संघात आलं. त्या दिवशी घरी येऊन तो ओलं फडकं घेऊन भिंतीशी गेला. रेघ जाईना, काम पक्कं करायची सवय. शेवटी पत्र्याने खरवडली. मग आत येऊन मला विचारलं, “आई, ही खिडकी तुला लागतेच का?”

“लागते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीला बाहेरून लोखंडी जाळी आली. अगदी लेव्हलमध्ये. आता भांडी घासताना चेंडू माझ्या तोंडासमोर जाळीवर येऊन आदळतो. मी कढई घासायची थांबत नाही.