ताईच्या लिफ्टचा प्रश्न

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आमदार आहेत. आमदार म्हटलं की लोकांना वाटतं घरी काय कमी असणार. पण दाजी आधी बसवर कंडक्टर होते. तिथून संघटनेत गेले, संपात दोनदा आत जाऊन आले, आणि एका निवडणुकीला विरोधी पक्षाला कोणी उमेदवारच मिळेना तेव्हा यांना घोड्यावर बसवलं. पडायला उभा केलेला माणूस निवडून आला. ताई त्या दिवशी म्हणाली, आता हे घरात दिसायचे नाहीत, म्हणजे काही फरक पडायचा नाही.

सभागृहात दाजींची जागा शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड. माईक बंद केला तरी त्यांचा आवाज पोचायचा, कारण भरल्या गाडीत मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत ओरडायची सवय. दाजी उभे राहिले की सरकारच्या बाजूचं कोणीतरी हळूच म्हणायचं, सुट्टे पैसे हातात ठेवा रे. दाजीही ऐकून घेणारे नव्हते. अध्यक्षांनी घंटी वाजवली की म्हणायचे, जन्मभर मी घंटी मारून गाडी थांबवली, आता घंटी मारून मलाच थांबवतात. सगळे हसायचे. हसता हसता प्रश्न कुठल्या कुठे जायचा, हे दाजींच्या फार उशिरा लक्षात आलं.

मग ताईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा सरकारी दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. मशीनं तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या जागी फळ्या ठोकलेल्या, वर रंगानं लिहिलेलं, काम चालू आहे. तो रंगसुद्धा उडायला आलेला. फळ्यांच्या फटीतून आत बघितलं तर मोडक्या खाटा रचून ठेवलेल्या.

पहिले काही महिने ताई कठडा धरून चढायची. नंतर पायाला सूज, छातीत धाप, मग तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून न्यायचं. एका बाजूनं दाजी धरायचे, दुसऱ्या बाजूनं आमच्यातलं कोणीतरी. वळणावर खुर्ची तिरकी व्हायची तेव्हा ताई डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, सावकाश रे, मी काही मतपेटी नाही पळवून न्यायला. मशीनवर ताईच्याच पाळीला एक शाळेतल्या बाई यायच्या, निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांना उचलायला कोणी नव्हतं. वॉर्डातल्या मावशी आणि ज्याला दया येईल तो. दाजी ताईला वर ठेवून बरेचदा परत खाली जायचे, बाईंसाठी.

आणि सरकारच्या हिशोबात ती लिफ्ट बसून झालेली होती. अर्थसंकल्पाच्या जाडजूड पुस्तकात दाजींनी स्वतः वाचलं. खर्च दाखवलेला, काम पूर्ण. दाजी म्हणाले, आता बघतो यांच्याकडे.

तर तिथली पद्धत अशी आहे. आमदारानं प्रश्न द्यायचा, मग चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो. प्रश्नांचा तास एकच. आपला नंबर पुकारला की आपण जागेवर उभं पाहिजे, नाहीतर प्रश्न मेला. आणि त्या तासात गोंधळ झाला, सभागृह बंद पडलं, तरीही मेला. मग मंत्री लिहून आणलेलं उत्तर टेबलावर ठेवून मोकळा. त्याला वर उलटा प्रश्न विचारता येत नाही. खरी मजा उलट्या प्रश्नात असते, दाजी म्हणायचे, लिहून आणलेलं तर पोपटही वाचतो.

पहिल्या अधिवेशनात दाजींचा नंबर चांगला लागला होता. पण त्या दिवशी दाजींच्याच पक्षाचे लोक दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावर फलक घेऊन पुढं धावले. घोषणा, कागद फाडणं, सगळं. सभागृह बंद. दाजी खांबाआड उभे राहून आपल्याच लोकांना खाली बसा म्हणून ओरडत होते, ते कोणाला ऐकू गेलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला. उत्तर आलं, काम प्रगतिपथावर आहे. दुसऱ्या अधिवेशनात नंबर इतका खाली की तिथपर्यंत तास पोचलाच नाही. त्या वेळचं उत्तर, माहिती गोळा करण्यात येत आहे. ताई म्हणाली, माहिती गोळा करायला तिसऱ्या मजल्यावर पाठवा त्यांना, घाम तरी सुटेल अंगाला.

आता लोक विचारतात, आमदाराची बायको सरकारी दवाखान्यात कशाला? तर आमदाराच्या घरच्यांना खाजगी दवाखान्यात सरकारी खर्चानं उपचार मिळतात. पण कागदावर आरोग्यमंत्र्यांची सही लागते. ताईनं मागं लागून दाजींना अर्ज करायला लावला होता. दाजींच्या मनात नव्हतं, तरी केला. तो अर्ज मंत्र्यांच्या टेबलावर पडून होता.

तिसरं अधिवेशन आलं आणि चिठ्ठीत दाजींचा प्रश्न पहिल्या नंबरला निघाला. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात भेटले. माणूस बोलायला साखर. खांद्यावर हात ठेवून त्यांनी वहिनींची चौकशी केली, सूज किती, झोप लागते का. मग म्हणाले, "कंडक्टरसाहेब, तुमच्या कागदावर सही आजच करतो. वहिनी उद्यापासून मोठ्या दवाखान्यात. तुमच्या प्रश्नाचं तेवढं बघा."

दाजींनी हात जोडले आणि नको म्हणाले. तिथल्या तिथं. ताईला विचारलं नाही, घरी येऊन सांगितलंही नाही. जेवले, उद्याचे कपडे काढून ठेवले, झोपले.

ताईला कळलं मंत्र्यांच्या माणसाचा फोन आला तेव्हा. वहिनी, साहेबांनीच नको म्हटलं म्हणून तुमचा अर्ज परत पाठवतोय, तो परत मिळाल्याची सही कोणाकडून घ्यायची ते विचारायला फोन केला, असं तो अगदी अदबीनं म्हणाला. दाजी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ताई फोन मांडीवर ठेवून बसलेली.

"जीव माझा ना?" ती म्हणाली. "मग नको तुम्ही कसं म्हणालात?"

दाजींनी समजावून बघितलं. आज सही घेतली की उद्या तोंड उघडायची सोय राहणार नाही. मग त्या बाईंचं काय, बाकीच्यांचं काय. ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"मला विचारलं असतं तर मीही कदाचित नकोच म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारायला पाहिजे होतं."

तो संसार पंचवीस तीस वर्षांचा. भांडणं खूप झालेली, पण ताई भांडून दुसऱ्या मिनिटाला चहा ठेवणारी. यावेळी तसं झालं नाही. त्यानंतर दाजी खुर्ची धरायला आले की ती तोंड भिंतीकडे करायची. मशीनच्या दिवशी म्हणायला लागली, आज नको, जिना नको, उद्या जाऊ. उद्या कधी यायचा, कधी नाही यायचा. वॉर्डातल्या सिस्टर रागवायच्या, एक पाळी चुकवली तरी अंगात विष साठतं म्हणून सांगायच्या. ताई मान हलवायची.

प्रश्नाच्या दिवशी सकाळीच पक्षाचा हुकूम निघाला. कामकाज सुरू झाल्या झाल्या सगळ्यांनी उठून बाहेर पडायचं, सभात्याग. कशासाठी, ते वरच्यांना ठाऊक. जो बसून राहील त्याला पक्षातून काढणार. दाजी पक्षाच्या नेत्याकडं गेले, म्हणाले, माझा पहिला नंबर आहे, मला पाच मिनिटं द्या, मग मी सगळ्यांच्या पुढं चालत जातो. नेता म्हणाला, तुझ्या लिफ्टसाठी पक्ष थांबवू का.

तो ताईच्या मशीनचा दिवस होता. आदल्या पाळीला गेली नव्हती, म्हणून त्या दिवशी न्यायचीच होती. आमच्यातल्या दोघांनी खुर्ची उचलली. तिकडं सभागृहात विरोधी बाजू घोषणा देत उठून गेली आणि रिकाम्या बाकांमध्ये एकटे दाजी बसून राहिले. दाजी नंतर सांगायचे की शेवटच्या फेरीला गाडी डेपोत जाताना असंच वाटायचं, सगळे उतरलेले आणि आपण एकटे मागच्या दारात.

नंबर पुकारला. दाजी उभे राहिले. मंत्र्यांनी वाचून दाखवलं की लिफ्ट बसवण्यात आलेली आहे, कार्यान्वित आहे, अधिकाऱ्यांनी पाहणी करून तसा दाखला दिलेला आहे. दाजींना उलटा प्रश्न विचारायची पाळी आली. रात्रभर घोकून ठेवलेलं होतं, ठेकेदार कोण, दाखल्यावर सही कोणाची, पाहणी कोणत्या दिवशी. पण आत्ता या घटकेला आपली बायको जिन्यात आहे हे डोक्यात आलं, आणि घोकलेलं सगळं गेलं.

"लिफ्ट चालू आहे ना?" दाजी म्हणाले. "मग माझी बायको आत्ता खुर्चीत बसून जिन्यातून का चालली आहे?"

मग सरकारच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, तिकीट काढलंय का तिचं, आणि हशा पिकला. अध्यक्षांनी घंटी मारली. म्हणाले, सदस्यांनी घरगुती बाब सभागृहात आणली आहे, वैयक्तिक हिताचा प्रश्न विचारता येत नाही, हे वाक्य नोंदीतून काढून टाकण्यात येत आहे. पुढचा प्रश्न.

ठेकेदाराचं नाव विचारायचं राहिलंच. एवढ्या वर्षांत मिळालेली एकच संधी, आणि दाजींनी ती अशी घालवली, असं पक्षातले लोक अजून म्हणतात. संध्याकाळी पक्षातून काढल्याचा कागद घरी आला. ताई मशीनवरून येऊन पडली होती. तिनं विचारलं, काय झालं. खूप दिवसांनी तिनं आपणहून काही विचारलं होतं.

"तुझं नाव घेतलं," दाजी म्हणाले. "त्यांनी काढून टाकलं."

ताईनं हात पुढं केला, उशी सरळ करायला. दाजींनी उशी सरळ केली. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते दाजींनाही अजून ठरवता आलेलं नाही.

दोन महिन्यांत ताई गेली. पाळ्या चुकलेल्या, छातीत पाणी भरलं. वरून खाली आणतानाही जिनाच. त्याचं आणखी लिहवत नाही.

दाजींनी पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न परत दिला. घरच्यांनी खूप सांगितलं, कानाला खडा लावा आता. त्यांनी ऐकलं नाही. आता पक्ष नाही, हुकूम नाही, त्यामुळे कोणी उठवणारही नव्हतं. नंबर आला. मंत्र्यांचं उत्तर तेच, फक्त देखभालीसाठी काही काळ बंद होती एवढं वाढवलेलं. दाजी उभे राहिले तसं अध्यक्षांनी आधीच बजावलं की सदस्यांनी वैयक्तिक काही बोलू नये.

"नाही बोलत," दाजी म्हणाले. "आता यात माझं वैयक्तिक काही राहिलं नाही."

यावेळी कोणी हसलं नाही. मग दाजींनी एक एक करून विचारलं. ठेकेदार कोण, सही कोणाची, पाहणी कधी. आवाज न चढवता, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मंत्री म्हणाले, माहिती घेऊन सभागृहापुढं ठेवतो. ती अजून ठेवलेली नाही. फळ्या आहेत तिथंच आहेत.

ताईच्या पाळीचे जे दिवस होते त्या दिवशी दाजी अजून दवाखान्यात जातात. शाळेतल्या त्या बाईंची खुर्ची धरतात. मावशी दुसऱ्या बाजूनं. सहीची गोष्ट ताईनंच मशीनवर असताना बाईंना सांगितलेली. परवा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई म्हणाल्या, "साहेब, रागावू नका. ती सही मला मिळत असती तर मी घेतली असती हो. मला तुमचा प्रश्न नको होता."

ती सही बाईंना मिळण्यातली नव्हतीच, ती आमदाराच्या घरच्यांनाच मिळते. पण दाजींनी तसं काही सांगितलं नाही. खुर्ची जरा टेकवली, बाईंचा पदर पायात येत होता तो वर घेतला, घाम पुसला. मावशी म्हणाल्या, उचलायची का. दाजी म्हणाले, उचला.