भागीरथीबाईंची जागा

भागीरथीबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवाच्या या पुस्तिकेत लिहिण्याचा मान शाळेतली दुसरी शिक्षिका म्हणून मला मिळाला. तो मी संकोचाने घेत आहे. कारण पुढे सांगते.

मी अकोल्याची. बाहेरगावी शिक्षिकांच्या वर्गात शिकून, प्रमाणपत्र घेऊन अमरावतीच्या मुलींच्या शाळेत आले, तेव्हा मुख्य बाई जागेवर नव्हत्या. मुलींना घरोघरी जाऊन बोलावून आणत होत्या. हे काम गड्याचे, असे मी शिकून आले होते. थोड्या वेळाने त्या आल्या. मागे मुलींची रांग, कडेवर एकीचा धाकटा भाऊ. "अकोल्याची का वं तू? जेवली का?" एवढेच त्यांनी विचारले. प्रमाणपत्र मागितले नाही.

बाई वलगावच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. अक्षरे थोरल्या भावाकडून शिकल्या आणि वैधव्य आल्यावर शहरात येऊन एका ओसरीवर त्यांनी ही शाळा सुरू केली. सध्या परदेशातल्या लढाईमुळे कापसाचा भाव चढला आहे. वेचणीला हात पुरत नाहीत, आणि वर्ग ओस पडतात. गेल्या हंगामात बाई मला घेऊन थेट एका शेतावर गेल्या.

"बाई, तुमची शाळा रोजी देते का?" शेतकऱ्याने विचारले.

"नाई देत. पन तोलात कोनं फसवलं ते तुया पोरीले समजन."

"मले समजत नाई, ते तिले समजन?"

"म्हनूनच तं तिले मांगून राहिली."

तो हसला. सकाळी वेचणी आणि दुपारी शाळा, असे ठरले. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी केसांत कापूस घेऊनच वर्गात बसली.

आता संकोचाचे कारण. ज्या बैठकीत शाळेच्या समितीने गौरवाचा ठराव केला, त्याच बैठकीत दुसराही झाला. सरकारी मदत मिळायची तर मुख्य शिक्षिका प्रमाणपत्र असलेली हवी. म्हणून बाईंनी जागा सोडावी आणि ती मला द्यावी. समितीतल्या गृहस्थांना यात काही वावगे वाटले नाही. मला लाज वाटली. नकार द्यायचे ठरवून मी आधी बाईंना सांगायला गेले. त्या मेथी निवडत होत्या.

"कावून नाई म्हनतं?"

"मले लाज वाटते, बाई."

"ते तुयापाशी ठेव. तू नाई म्हटलं तं ते मास्तर आनतीन. मास्तराकडं कोन आपली पोरगी धाडन? तुयी लाज राहीन अन् शाळा बंद पडन."

त्यांनी अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. "घे, निवड. पोरी बोलवाचं काम मात्र माह्याकडंच राहू दे. समितीले सांगू नको."

ते मी येथे सांगत आहे, कारण ते लपून करण्यासारखे काम नाही.

मी होकार दिला आहे. सोमवारपासून त्यांच्या जागेवर बसेन. मान खाली घालूनच बसेन. भागीरथीबाईंना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. निदान इतके, की त्यांच्याच शाळेतली एखादी मुलगी शिकून परत यावी आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती जागा माझ्याकडून मागून घ्यावी.