वारज्याहून वेदीपर्यंत

नगरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती आणि डोक्यात आशिषने पढवलेलं भाषण. आशिष हा माझ्या प्रमिलाआत्याचा मुलगा. आत्या नव्वदीला टेकलेली, पोटातला कर्करोग पसरलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. तरी रविवारी हंगामाच्या सणाला (नव्या पिकाचं दान चर्चमध्ये वाहायचा दिवस) स्वतः जायचं, असा तिचा हट्ट. "ताई, ती तुझंच ऐकेल," आशिष फोनवर म्हणाला होता. आत्याने जन्मात कुणाचं ऐकलंय, हे पोटच्या पोराला तरी ठाऊक असायला हवं होतं.

पुण्यात वारज्याला उतरले. मागच्या खेपेला जिथे ज्वारी पाहिली होती, तिथे आता इमारती. दार आत्यानेच उघडलं. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण साडी कडक इस्त्रीची.

"सलाम," ती म्हणाली. (आम्ही ख्रिस्ती माणसं भेटलो की हेच म्हणतो.) "चहा नंतर. आधी मंडई."

"आई, पाळक घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर देतो म्हणालेत ना?" आशिष आतून ओरडला.

"ते आजाऱ्यांसाठी. मी आजारी नाही, मी मरतेय."

"आणि चर्चमध्येच काही झालं तर?"

"मग न्यायची खेप वाचेल."

माझं भाषण पिशवीतल्या चटणीसारखंच बांधलेलं राहिलं. खरं सांगायचं तर मला आशिषचा राग आला आणि दयाही. चर्चची पायरी त्याने कधीच सोडली होती, पण आईला सोडायला तो अजून तयार नव्हता.

मंडईत आत्या भोपळे असे ठोकून बघत होती, जणू मुलगी द्यायचीय. तिच्या वडिलांच्या शेतातला पहिला भोपळा दरवर्षी वेदीपुढे जायचा. शेत गेलं, भोपळा राहिला.

"आज्जी, एवढा थोरला खानार कोन?" भाजीवाली म्हणाली.

"देवाला न्यायचाय."

"मग हा घ्या. जरा डागी हाय, पन देवाला चालतंय."

"देवाला डागी, आणि तुला नोट फाटकी दिली तर चालेल?"

बाई हसली आणि पोत्याखालून एक केशरी, नितळ भोपळा काढून दिला. तो पाहून आत्याच्या तोंडावर जे आलं, ते औषधाच्या एकाही गोळीने आणलं नसेल.

रविवारी आशिष म्हणाला, "मी गाडी काढणार नाही." आम्ही रिक्षा केली. चर्च कसबा पेठेच्या अलीकडे, आणि गल्ली नेमकी खणून ठेवलेली. रिक्षावाला म्हणाला, "पुढे रस्ता महापालिकेच्या कृपेवर आहे." उतरलो. भोपळा माझ्याकडे, आत्या माझ्या दंडाला. ओट्याओट्यावर बसत पोचलो.

आमच्यात रीत अशी, की आपलं दान आपल्याच हातांनी वेदीपर्यंत न्यायचं आणि शेवटचं दान पोचेपर्यंत गीत थांबवायचं नाही. गीत सुरू झालं. कुणी मेथी नेली, कुणी अंडी, कुणी कोंबडी. आत्याने माझ्याकडून भोपळा घेतला. तरुण पाळक धावत आले. "आजी, तुम्ही बसा, मी नेतो."

"आपण आपला भोपळा आणा, पाळकसाहेब. हा माझा आहे."

चार पावलं झाली. तिने भोपळा बाकावर टेकवला, श्वास घेतला, पुन्हा उचलला. गीताची कडवी संपली. पेटीवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि पहिलं कडवं पुन्हा धरलं. सगळं चर्च पुन्हा गायला लागलं, मघापेक्षा मोठ्याने. मला मात्र गाता येईना, रडू येत होतं. अर्ध्या वाटेत ती एका बाजूला कलली. तेवढ्यात मागून बूट वाजले. आशिष होता. दुसरी रिक्षा करून आला असणार. त्याने भोपळ्याला हात घातला.

"भोपळ्याला नको," आत्या धापा टाकत म्हणाली. "मला धर."

त्याने तिला धरलं. कितवं कडवं चाललं होतं कोण जाणे. भोपळा वेदीपुढे ठेवूनच ती खाली बसली. "आता गाणं थांबवा म्हणावं, घसे बसतील," ती म्हणाली.

उपासनेनंतर दानाचा लिलाव होतो. भोपळा मी घेतला, दुसऱ्या कुणाला बोली लावूच दिली नाही.

संध्याकाळच्या एसटीत तो मांडीवर घेऊन बसले. श्रद्धा म्हातारपणी मऊ होते, हात जोडून गप्प बसते, असं मी समजत होते. समजावायला निघाले होते, लाज वाटली नाही मला! महिनाभरात याच रस्त्याने आत्याच्या मातीला यायचं आहे, हे मला ठाऊक होतं, तिलाही. निघताना ती म्हणाली होती, "पुढच्या वर्षी तू ने. आणि डागी नेऊ नकोस, मी वरून बघेन."

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "काकू, खाली ठेवा की तो. नगरपर्यंत मांडी मोडंल."

"मोडू दे," मी म्हटलं.