डेक्लनची राजनिष्ठा

माताउरा नदीकाठच्या आमच्या गोर गावात डेक्लन कॅव्हनाने चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या आणि तेवढीच वर्षं ब्रिटिश राजघराण्याला शिव्या घातल्या. त्याचं स्वतःचं घराणं मूळचं आयरिश, त्यामुळे दोन्ही कामांत हात आणि तोंड सारखंच सराईत.

पंचाईत व्हायची ती नदीवर. गळाला लावलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर तरंगत सोडायची आणि ट्राउट माशाने ती गिळली तरी लगेच गळाची काठी उचलायची नाही. आमच्याकडे सगळे आधी मनातल्या मनात 'राणीला उदंड आयुष्य लाभो' म्हणतात. तेवढ्यात मासा तोंड मिटतो. डेक्लन मेला तरी ते म्हणायचा नाही. तो घाईने काठी उचलायचा आणि माशी उघड्या तोंडातून तशीच परत यायची. विलोच्या झाडाखालचा थोराड ट्राउट त्याने असा सात वेळा घालवला होता.

आज हंगामाचा शेवटचा दिवस होता.

"अरे, बायकोचं नाव घे मग," शेजारचा रॉय म्हणाला.

"नोलीन म्हणायला कितीसा वेळ लागतो?"

"आडनावासकट घे!"

एवढ्यात ट्राउटने माशी गिळली. डेक्लनने डोळे घट्ट मिटले आणि "राणीला उदंड आयुष्य लाभो!" असा काही ओरडला, की पलीकडच्या मेंढ्या उधळल्या. मग त्याने काठी उचलली. ती कमानीसारखी वाकली.

दहा मिनिटांनी मासा जाळ्यात आला. रॉयने गंभीर चेहऱ्याने टोपी काढून छातीशी धरली.

"टोपी घाल, गाढवा," डेक्लन हसू दाबत म्हणाला, "आणि मोजपट्टी काढ."