मामाच्या कर्ण्यावरचे चौघे

मामाच्या गोडाऊनमध्ये वायरींचा एक ढीग आहे. त्यातली एक ओढली की तिला गुंतलेल्या आणखी चार बाहेर येतात. तिथल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मैत्रिणींना एकच सांगायचा ठरवते आणि मधली सुट्टी संपते. मला चारचौघींत धड बोलता येत नाही, निम्मा किस्सा तोंडातच राहतो. म्हणून लिहायला बसले.

पेठजवळच्या आमच्या गावात मामाची साउंड सर्व्हिस आहे. लग्न असो, भजन असो, कर्णे मामाचे. जोडीला बबनदादा, जो खांबावर चढतो, वायरी ओढतो आणि मामाच्या शिव्या खातो. आमच्या घराची आणि गोडाऊनची भिंत एकच, त्यामुळे शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथेच कोपऱ्यात असते.

*

मामाने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक डेक आणला. आत एक कॅसेट राहिली होती. कव्हर नाही, नाव पुसलेलं. लावून पाहिली. आधी माणसांचा गलका, मग गिटार, आणि मग एकदम कानात घुसणारी शिट्टी. माईक कर्ण्यासमोर आला की वाजते, तीच.

मामा आणि बबनदादा दोघेही ताडकन उठले. बबनदादाने आवाज खाली आणला, मामा माईकची वायर शोधायला लागला. माईक तर खुंटीला लटकत होता, जोडलेलाच नव्हता!

शिट्टी कॅसेटमधली होती. मामाने कॅसेट मागे नेऊन ती पुन्हा ऐकली. मग हळूच म्हणाला, "बबन्या, तिकडं बी व्हतंय रं आपल्यासारखं."

त्या दिवसापासून दोघेही त्या बँडचे झाले. वाजवणारे चार जण आहेत हे मामाने कानानेच ठरवलं. म्हणून नाव पडलं 'चौघे'.

*

ती कॅसेट घेऊन मामा मंचरला एका दुकानात गेला. दुकानदाराने चौघांना लगेच ओळखलं आणि त्याच गाण्यांची नवीकोरी कॅसेट दिली. दुसऱ्या दिवशी मामा ती परत करायला हजर.

दुकानदार म्हणाला, ओरिजनल आहे, तीच गाणी आहेत, तेच लोक आहेत. मामाला ते मान्य होतं. त्याची तक्रार वेगळी होती. यात कोणी खोकत नाही, कोणी चुकत नाही, गाणाऱ्याला धापसुद्धा लागत नाही.

"हा लगीन जमवायला काढल्याला फोटो हाय, राव," मामा म्हणाला. "उसना कोट, मागं रंगवल्याला बंगला. आमाला घरातला माणूस दाखवा."

दुकानदाराने आतून एक धुळीने भरलेला खोका आणला. त्यात चौघांच्या लाइव्ह कार्यक्रमांच्या कॅसेटी होत्या. कोणी घेत नाही म्हणून पडलेल्या.

*

ओझरला एक लग्न होतं. पंगती बसल्या होत्या, सनईची कॅसेट चालू होती. आचारी दमलेत म्हणून बबनदादाने त्यांच्यासाठी चौघांचं एक गाणं लावलं. आवाज अगदी बेताचा ठेवला. पण ज्या झाडाला कर्णा बांधला होता, त्याच झाडाखाली वरातीचा घोडाही बांधला होता.

ड्रम सुरू झाला आणि घोडा खुंट्यासकट निघाला. नवरदेवाचे चुलते म्हणजे आमच्या गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष, नाना. ते फेटा सांभाळत घोड्यामागे पार नदीपर्यंत गेले.

परत आले ते घोडा धरून, आणि सरळ मामासमोर. आवाजही चढवला नाही. म्हणाले, "यात्रेला आपल्या घाटात असलं काय झालं, तर पुढच्या सालापासून मंचरचा खोकीवाला."

मंचरच्या एकाने माणसाएवढाली स्पीकरची खोकी आणली होती आणि तो एकेक गाव उचलत चालला होता. मामा मात्र मिसरूड फुटायच्या आधीपासून आमच्या शर्यतीच्या घाटात कर्णे बांधतोय. लग्नं गेली तरी चालतील, पण स्वतःच्या गावची यात्रा गेली तर तोंड कुठे दाखवायचं, असं तो मामीला म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही.

कॅसेट लावली, पण दार लोटून.

*

एका कॅसेटमध्ये ड्रमवाला एकटाच वाजवत सुटतो. बाकीचे तिघे बहुतेक चहाला जातात. मामा आणि बबनदादा डोळे मिटून ऐकत होते. मामी चहा ठेवून गेली, कप न्यायला आली, तरी ड्रम चालूच. मग ती झाडू घेऊन आली, तरीही चालूच.

मामी थोडा वेळ दारात उभी राहिली. म्हणाली, "डिझेल संपलं असंल त्याचं. नुसतं हँडल मारून इंजिन कसं सुरू हुईल?"

*

दुसऱ्या एका कॅसेटमध्ये गाण्याच्या ऐन मध्यात गिटारची तार तुटते. टण्‌ असा आवाज येतो, गिटार बंद पडते, आणि गाणारा कसंबसं गाणं ओढत नेतो. ती जागा जवळ आली की बबनदादा हातातलं काम खाली ठेवतो. गाणं पार पडेपर्यंत हलत नाही.

मामा एकदा वैतागून म्हणाला, की काल निभावलं, परवा निभावलं, आज काय नवीन होणार आहे?

"कालचं ठीक हाय," बबनदादा म्हणाला. "आजचं काय सांगावं?"

*

गाणारा मधे मधे लोकांशी काहीतरी बोलतो. मी इंग्रजी शिकते म्हणून मामाने ते समजावून सांगायचं काम मला दिलं. आमच्या बाईंचं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी यांची ओळखसुद्धा नसावी. चार दिवस कॅसेटला कान लावून बसले, तेव्हा एक वाक्य हाती लागलं. मामाला वाटत होतं, काहीतरी मोठं तत्त्वज्ञान असणार.

मी सांगितलं, तो विचारतोय, मागे बसलेल्यांना ऐकू येतंय का?

हा प्रश्न विचारण्यात मामाचा अर्धा जन्म गेलाय. तेव्हापासून ती जागा आली की मामा हातात पक्कड असो नाहीतर भाकरी, हात वर करून गोडाऊनमधून उत्तर देतो, "येतंय, येतंय!"

*

आणि मग यात्रा आली.

आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. चढावरच्या मातीच्या लांब पट्ट्याला घाट म्हणतात. एकेक गाडा सुटतो, ती त्याची बारी, आणि घड्याळ लावून त्याची वेळ मोजतात. दोन्ही काठांवर माणसं दाटलेली, आणि ओरडून बैलांना पळवायचं काम त्यांचं. आमच्या घाटाचा नियम एकच. गाडा सुटला की कर्ण्यावरून कोणी बोलायचं नाही. कर्ण्यावरून हुरूप दिला तर ती लबाडी.

मामाने सकाळी माणसं यायच्या आधी चौघांची कॅसेट लावून कर्णे तपासले आणि डेक बंद केला. कॅसेट आतच राहिली, गाणं जिथे संपतं त्या जागी. नंतर दिवसभर तो मशीनपाशी देवळात उभं राहावं तसा उभा होता. मी मामीबरोबर मागे चटईवर बसले होते.

दुपारी खुद्द नानांचा गाडा आला. नानांनी गाडे पुकारायचा माईक खाली ठेवला आणि काठावर जाऊन उभे राहिले. बैल सुटले ते झकास, पण निम्म्या घाटात येऊन थांबले. नुसते उभे. अध्यक्षांचेच बैल, हसणार कोण? सगळा घाट चिडीचूप झाला.

बबनदादा तेव्हा टेबलाखाली डोकं घालून बॅटरीची वायर घट्ट करत होता. त्याला वरचं काही दिसत नव्हतं, फक्त एकदम ऐकू यायचं बंद झालं. साउंडवाल्याच्या लेखी शांततेचा अर्थ एकच, मशीन बसलं. मशीन बसलं का हे बघायला तो नेहमी जे करतो तेच त्याने केलं. हात वर घातला आणि डेकचं बटण दाबलं.

गाणं संपल्यावरची सगळी परदेशी माणसं चारही कर्ण्यांतून एकदम ओरडली.

बैलांनी कान टवकारले आणि असे उधळले की निशाणापाशीच थांबले. वेळ गेली होती, पण गाडा नंबरात बसला. अगदी शेवटी, पण बसला. ज्यांचा नंबर त्यापायी गेला ते अण्णा तरातरा मशीनपाशी आले. नियम मोडलाय, बारी बाद करा आणि कर्णेवाल्यालाही आजच्या आज घरी पाठवा, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. खोकीवाल्याचं नावही घेतलं. मामा मान खाली घालून वायर गुंडाळायला लागला.

कमिटी बसली. निकाल द्यायचा नानांनी.

नाना म्हणाले, काय वाजलं ते परत लावा. बबनदादाने लावलं. पाच म्हातारी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून, मयताला बसल्यासारखी, त्या गलक्याला कान देऊन बसली.

"ह्यात कोण बोलतंय का?" नानांनी विचारलं.

"बोलत न्हाई कोण," कमिटीतले एक जण म्हणाले. "नुसतं वरडत्यात."

"कुठली माणसं ही? आपल्यातली का?"

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "नाही. परदेशातली आहेत. लांबची."

"मंग पावणं झालं," नाना म्हणाले. "पावणं यात्रेला आलं आन् काठावरनं वरडलं, तर त्याला गप बस कसं म्हणायचं?"

अण्णा म्हणाले, "अवो नाना, पण ते आल्यात कुठं?"

नानांनी फेटा सारखा केला.

"येत्या साली ह्याच कर्णेवाल्याला सांगू," ते म्हणाले, "त्यांना संगं घेऊनच ये म्हणून."