भट्टीवालीचा गाल

बारकी पार्लर चालवते हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या थोरल्या बहिणीला मात्र ते ठाऊक असूनही मान्य नव्हतं. कोणी विचारलंच तर थोरली म्हणायची, "धाकटी ना? असते घरीच. तोंडं पुसते लोकांची." आणि लगेच विषय बदलायची. बारकी आता चाळिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई. तिच्या खुर्चीत बसायला लांबलांबून बायका यायच्या, तिने 'थांब' म्हटलं की थांबायच्या. पण बहिणीचं ते एक वाक्य फिरत फिरत कानावर आलं की तिचा अख्खा दिवस नासायचा.

उलट बोलायची सोय नव्हती. आई गेल्यावर थोरलीनेच तिला वाढवलं होतं. शाळा सोडून ती बेकरीत ट्रे घासायला लागली आणि होता होता भट्टीवर पोचली. त्या बेकरीत भट्टीवर तोवर एकही बाई उभी राहिली नव्हती. पुढे अशी वेळ आली की भट्टीवाली म्हटलं की ती एकच. धाकटीच्या पाठीवर जे चार कपडे चढले, डोक्यात जी चार अक्षरं शिरली, ती त्याच धगीतून आली होती. अशा बहिणीला कोण सांगणार की बाई, माझंही काम काम आहे?

भट्टीवालीची एक खासियत होती. भट्टीच्या दारावर उष्णता दाखवणारा काटा होता, पण तो कधीचा बंद पडला होता आणि कोणाला त्याची उणीव भासत नव्हती. पीठ मळणारे मामा आतून ओरडायचे, "ताई, झाली का?" भट्टीवाली दार वीतभर उघडायची, डावा गाल पुढे करायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "झाली," किंवा "थांबा जरा." तिच्या त्या गालाच्या भरवशावर शहराचा निम्मा भाग सकाळी पाव खात होता. कधी एक ट्रे कच्चा निघाला नाही, कधी एक करपला नाही. गाल मात्र करपला. रापून, जाड होऊन तो भट्टीच्याच विटेसारखा दिसायला लागला होता. त्याचं तिला काडीचंही वाटत नव्हतं.

वाटायला लावलं ते मालकांनी. पावाची नवी पिशवी काढायची होती आणि तिच्यावर भट्टीवालीचा फोटो छापायचा असं त्यांच्या मनाने घेतलं. "जिच्या हातचा पाव, तिचंच तोंड," मालक म्हणाले. भट्टीवालीने आधी झिडकारलं, मग लाजली, मग घरी जाऊन हळूच आरसा पुसला. खरा फोटो शुक्रवारी निघायचा होता, पण मालकांनी मोबाइलवर एक नमुन्याचा काढून दाखवला. "ही कोण म्हातारी?" ती एवढंच म्हणाली.

आणि त्या आठवड्यात, बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी, ती चक्क बारकीच्या पार्लरच्या दारात उभी राहिली.

"तुझ्या त्या खुर्चीत बसायला काय काय करावं लागतं?"

"काही नाही, ताई. बसावं लागतं," बारकी म्हणाली. इतकी वर्षं ज्या बाईने नाक मुरडलं, ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती, आणि तीही शुक्रवारी फोटो असताना. जमलं तर जमलं. बिघडलं तर 'तोंडं पुसते' हा शिक्का जन्मभर पुसला जाणार नव्हता.

बारकीने जीव ओतून काम केलं. चेहरा साफ केला, धगीने साचलेला जुना थर हलक्या हाताने उतरवला, थंड लेप लावला. थोरली सुरुवातीला काठीसारखी ताठ बसली होती, मग हळूहळू सैल झाली, आणि शेवटी घोरायला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या त्या बाईला असं निजलेलं पाहून बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीला पुसलं आणि काम चालू ठेवलं.

उठल्यावर थोरलीने आरशात पाहिलं. "हं," म्हणाली. तिच्या शब्दकोशात हे मोठंच कौतुक होतं.

"आता नीट ऐक," बारकीने सुरू केलं. "खरं काम आता पुढे आहे, आणि ते तुझं आहे. वरची कातडी नवी आहे, कोवळी. साबण नको, घासणं नको. गार पाण्याने तोंड धुवायचं, मऊ पंच्याने नुसतं टिपायचं. ही साधी क्रीम लाव, दुसरं काही नाही. उन्हात जाताना ही दुसरी, आणि वर छत्री. उशीचा अभ्रा धुतलेला घे. फोन गालाला चिकटवून बोलू नकोस. खपली धरली तर नखाने खरवडू नकोस. आणि शुक्रवारपर्यंत भट्टीसमोर उभी राहू नकोस."

"एवढं तर बाळंतिणीलाही सांगत नाहीत," थोरली म्हणाली. पण मान डोलावली. भट्टी मामांवर सोपवते, मी पीठ तोलते, असा शब्दही दिला.

शब्द तिने पाळला, स्वतःच्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीत गेली आणि भट्टीला पाठ करून पीठ तोलत बसली. मामांनी सवयीने हाक मारली, "ताई, झाली का?" जित्याची खोड ती. भट्टीवाली उठली, दार वीतभर उघडलं आणि डावा गाल पुढे केला. केला आणि चटका बसल्यासारखी मागे झाली.

"अहो मामा, केवढी पेटवलीय! जाळून टाकाल सगळं! निखारे ओढा बाहेर!"

मामांना भट्टी रोजच्यासारखीच वाटत होती. पण त्या गालाशी वाद घालायची छाती कोणाची? त्यांनी निखारे ओढले. पुन्हा गाल. "अजून ओढा." पुन्हा ओढले. मग ट्रे आत गेले आणि ठरल्या वेळी बाहेर आले. पाव पांढरेफटक, मधोमध बसलेले, आतून कच्चे. दुपारपर्यंत गिऱ्हाइकं पाव परत घेऊन दारात उभी. इतक्या वर्षांच्या कामाला गालबोट लागलं, आणि तेही खरोखर गालानेच. मालक फार काही बोलले नाहीत. "फोटोचं जरा बघू पुढे," एवढंच म्हणाले, आणि तेच जास्त लागलं.

बारकीच्या खुर्चीत तेव्हा एक शिक्षिका डोळ्यांवर काकडी ठेवून पडल्या होत्या. दार धाडकन उघडलं.

"काय केलंस माझ्या गालाचं?" थोरली कडाडली. "भट्टी कळेना मला! माझा गाल बिघडवलास तू!"

शिक्षिकांची काकडी खाली पडली. बारकीने बहिणीकडे पाहिलं. उजवा गाल छान मऊ, आणि डावा लालबुंद, सुजल्यासारखा.

"ताई, तू भट्टीसमोर उभी राहिलीस?"

"उभी कुठे राहिले? नुसता गाल लावला!"

बारकीने कपाळावर हात मारला. उशीच्या अभ्र्यापासून फोनपर्यंत सगळं सांगितलं होतं, पण जगात कोणी गालाने भट्टी तपासत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बहिणीच्या बेकरीत ती कधी आत गेलीच नव्हती. बहिणीनेही तिच्या पार्लरचा उंबरा कालपर्यंत ओलांडला नव्हता. दोघी एकमेकींच्या कामाच्या बाबतीत सारख्याच आंधळ्या होत्या.

तोवर बातमी पसरली होती आणि वैद्य जमायला लागले होते. समोरच्या घरातल्या वहिनी लिंबू घेऊन आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या टूथपेस्ट लाव, लगेच थंड पडतं. मामांनी निरोप पाठवला की बर्फ चोळा. थोरलीने स्वतःच फ्रिज उघडून बर्फाचा खडा उचललाही. आणि मग बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठेव तो खाली!"

बारकीचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता, तिच्या नवऱ्यानेही नाही.

"वहिनी, ते लिंबू सरबतात घाला. काकू, पेस्टने दात घासा. आणि ताई, तू बस. तुझ्या भट्टीत मी कधी नाक खुपसलं? पाव कधी काढायचा ते तुला कधी शिकवलं? मग इथे माझं ऐकायचं. तू मला वाढवलंस, तू म्हणशील तर उन्हात उभी राहीन. पण हा चेहरा माझ्या हाताखालून गेलाय. याला मी दुसऱ्याचा हात लागू देणार नाही. तुझासुद्धा नाही."

थोरली बसली. का बसली ते तिलाही कळलं नसावं. बारकीने मऊ फडकं गार पाण्यात भिजवून गालावर ठेवलं, चोळलं नाही. मग तीच साधी क्रीम लावली.

"आणि आता?" थोरलीने विचारलं.

"आता काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. वाट बघायची. पार्लरमागच्या खोलीत राहायचं, शुक्रवारपर्यंत."

भट्टीवालीला भट्टीपुढे उभं करा, पोती उचलायला लावा, ती हूं की चूं करणार नाही. पण रिकामं बसवायचं म्हणजे शिक्षाच. पहिल्या दिवशी ती चिडचिडली, खोलीतली सगळी भांडी पुन्हा घासली, दोनदा गालाकडे हात नेला आणि दोनदा पडद्याआडून बारकीचं "अंहं!" ऐकून मागे घेतला. मग मात्र तिने पडद्याशी खुर्ची ओढली आणि बाहेर काय चाललंय ते ऐकत बसली.

बाहेर बरंच काही चाललं होतं. एक मुलगी उद्याच्या समारंभासाठी आजच चेहरा सोलून मागत होती आणि बारकी तिला सांगत होती, "आज नाही. आज केलं तर उद्या लाल दिसशील. नुसतं साफ करून देते." मुलगी रुसून गेली, बारकीने जाऊ दिलं. एक बाई रडत आली, कुठलंसं मलम लावून तोंडावर पुरळ आलं होतं. बारकीने तिला हात लावला नाही, डॉक्टरांकडे पाठवलं आणि सोबत स्वतःच्या मुलीला दिलं. कोणी शिकवायला आलं नाही, कोणी वाद घातला नाही. 'ताई सांगतील तसं,' असं त्या बायका म्हणत होत्या. त्यांच्या तोंडची ताई म्हणजे आपली बारकी हे थोरलीला जरा उशिराच उमगलं.

संध्याकाळी जेवताना ती एकदम म्हणाली, "पाव भट्टीतून काढला की लगेच कापत नाहीत. जाळीवर ठेवतात. गरम कापला की आत गोळा होतो. नवी माणसं घाई करतात, मी त्यांच्या हातावर मारते." जरा थांबून म्हणाली, "तू मला जाळीवर ठेवलंयस तर."

"हो," बारकी म्हणाली. आणि तिने बहिणीच्या ताटात आणखी भात वाढला.

शुक्रवार उजाडला. लाली ओसरली होती. इतक्या वर्षांच्या धगीखाली दडलेला रंग वर आला होता, आणि सुरकुत्यासुद्धा हसून पडल्यासारख्या दिसत होत्या. बारकीने पावडर लावली नाही, काही लावलं नाही. छत्री धरून ती बहिणीला बेकरीत घेऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या दारातून आत शिरली.

'बघू पुढे' म्हणूनही मालकांनी ठरलेला फोटोवाला बोलावलाच होता, सगळे कारागीर पीठभरल्या हातांनी उभे होते. भट्टीवालीच्या डोळ्यांपुढे मात्र ते पांढरे पाव होते. आधी पाव, मग फोटो, असं तिने मालकांना बजावलं. मामांनी भट्टी पेटवली आणि सवयीने हाक मारली, "ताई, झाली का?"

भट्टीवाली दारापाशी गेली. दार वीतभर उघडलं. आणि थांबली. मग सगळ्यांदेखत मागे वळून तिने धाकट्या बहिणीला विचारलं,

"बारके, लावू का गाल?"

त्या भट्टीवर भट्टीवालीने आजवर मालकांनाही काही विचारलं नव्हतं. बारकी पुढे आली. बहिणीचा चेहरा तिने खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि नीट पाहिला.

"अजून नाही, ताई. काही दिवस जाऊ देत."

"बरं," थोरली म्हणाली.

तिने दार बंद केलं नाही. चिमूटभर मैदा घेऊन तो भट्टीच्या तळावर भिरकावला आणि तो कसा तांबूस होतो ते लांबूनच बघत राहिली. गालाच्याही आधी, ट्रे घासायच्या दिवसांत, ती असंच शिकली होती. "थांबा जरा," म्हणाली. मग पुन्हा चिमूट. "झाली. घाला आत."

पाव बाहेर आले तेव्हा मामांनी टाळीच वाजवली. सोनेरी, टम्म फुगलेले, वरून चकाकणारे. मालकांनी एक फोडला, वास घेतला आणि फोटोवाल्याला खूण केली. भट्टीवाली ट्रे हातात घेऊन हसली, आणि कॅमेऱ्याने तेच नेमकं टिपलं.

पिशव्या छापून आल्या तेव्हा चौकातल्या दुकानांत तोच चेहरा टांगलेला. रस्त्यात बाया भट्टीवालीला अडवून विचारायला लागल्या, "अहो, काय लावता तरी काय चेहऱ्याला?" ती थांबायची, छत्री सरळ करायची आणि गल्लीतल्या पार्लरकडे बोट दाखवायची.

"चेहरा तेवढा माझा आहे," ती सांगायची. "काम माझ्या बहिणीचं आहे."